कृतीत दिवस नकोत, तापमान छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सध्या देशोदेशीच्या पारंपरिक पेयांच्या कृती येत आहेत. मेक्सिकोचं अननसाच्या सालींचं तेपाचे, रशियाचं पावापासूनचं क्वास, इंग्लंडची आल्याची जिंजर बिअर आणि आता गोड चहा आंबवून केलेलं कोंबुचा. विषय चांगला आहे, वाचकांनी करूनही पाहावा असा आहे. पण यातल्या बहुतेक कृतींत 'खोलीच्या तापमानाला सात दिवस ठेवा' हे वाक्य जसंच्या तसं येतं आणि तिथेच घोटाळा होतो. ज्या देशांत या कृती लिहिल्या गेल्या, तिथे खोलीचं तापमान म्हणजे 18 ते 21 अंश. कोल्हापुरात एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या नव्हे, चांगल्या स्लॅबच्या स्वयंपाकघरातही पारा 34-35 च्या खाली येत नाही. साखर आंबवून वायू तयार करणाऱ्या यीस्टचा वेग दर 10 अंशांना साधारण दुप्पट होतो. तिकडचे सात दिवस इथे अडीच दिवसांत उरकतात. सातव्या दिवशी हाती येतं ते व्हिनेगर, नाहीतर फुटलेल्या बाटलीच्या काचा.

सरबत आणि आंबवलेलं पेय यांत मूळ फरक हा की सरबत केलं की संपलं, आंबवलेलं पेय बाटलीत भरल्यावरही चालूच राहतं. पन्ह्यात साखर दोन चमचे जास्त पडली तर फार तर गोड होईल. जिंजर बिअरमध्ये ती जास्तीची साखर म्हणजे जास्तीचा वायू. हिशेब सोपा आहे, आणि आमच्या मते तो प्रत्येक कृतीबरोबर चौकटीत छापायला हवा: एका लिटरमधली 4 ग्रॅम साखर पूर्ण आंबली की सुमारे 1 लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. नेहमीच्या शीतपेयात लिटरमागे साडेतीन ते चार लिटर वायू कोंबलेला असतो. आता आपल्या पुरवणीतली जिंजर बिअर घ्या. दोन लिटर पाण्याला एक वाटी साखर, म्हणजे लिटरमागे साधारण 100 ग्रॅम. ती सगळी आंबली तर लिटरमागे 25 लिटर वायू. कुठलीही बाटली हे सहन करत नाही.

त्यातही उष्णता दुहेरी घात करते. एक तर आंबण्याचा वेग वाढतो. दुसरं, गरम पाण्यात वायू विरघळून राहत नाही. फ्रीजमध्ये 5 अंशांना जी बाटली निमूट बसलेली असते, त्याच बाटलीत तेवढ्याच वायूचा दाब 35 अंशांना दुपटीहून अधिक होतो. त्यामुळे बाटल्या फुटतात त्या भरताना नव्हे. दुपारी ओट्यावर राहून गेल्यावर, किंवा पिशवीत घालून गाडीवरून नेताना.

बाटलीबद्दल कृतीत फक्त 'हवाबंद काचेची बाटली' एवढंच असतं. भेटवस्तूंच्या दुकानात मिळणाऱ्या तारेच्या खटक्याच्या चौकोनी बाटल्या दिसायला छान, पण त्या तेल-सरबतासाठी आहेत. दाब सपाट भिंतीवर आणि कोपऱ्यांवर एकवटतो आणि चौकोनी बाटली कोपऱ्यातून जाते. जॅमच्या, मधाच्या, सॉसच्या बाटल्याही नकोत. सगळ्यात बरी म्हणजे शीतपेयाची रिकामी प्लास्टिक बाटली. ती मूळ दाबासाठीच बनवलेली असते आणि आत काय चाललंय हे बोटाला कळतं. दाबल्यावर चेंडूसारखी घट्ट लागली की लगेच फ्रीजमध्ये. काचच हवी असेल तर जाड, गोल, मुळात फेसाळ पेयाचीच बाटली घ्यावी. गोटी सोड्याची बाटली मजबूत असते. हिरम कॉड या इंग्रजाने 1872 मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि आतल्या वायूच्या दाबानेच गोटी वर जाऊन तोंड बंद होतं ही त्यातली खुबी. पण घरच्या आंबवणीसाठी ती उपयोगाची नाही. मानेच्या खाचेत ब्रश जात नाही, रबरी कड्याखाली गाळ धरतो आणि पुढच्या खेपेला त्या गाळातलंच यीस्ट आपलं काम बिघडवतं.

मग जिंजर बिअर करायचीच नाही का? जरूर करावी, कोल्हापुरात तर करावीच, कारण शेजारी सातारचं आलं आहे आणि घरचा गूळ आहे. फक्त पद्धत बदलावी: बाटलीत साखर मोजून घालायची आणि गोडी पेल्यात घालायची.

आधी विरजण लागतं. अर्धा लिटर पाणी उकळून गार करावं. नळाचं पाणी थेट घेतलं तर त्यातलं क्लोरीन आल्याच्या सालीवरच्या यीस्टला मारतं आणि बरणी चार दिवस ढिम्म राहते. या पाण्यात सालीसकट किसलेलं 15 ग्रॅम आलं आणि 15 ग्रॅम साखर घालून फडकं बांधून ठेवावं. रोज तेवढंच आलं, तेवढीच साखर आणि दिवसातून दोनदा ढवळणं. एप्रिलमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कडेने बुडबुडे येतात, डिसेंबरात पाच-सहा दिवस लागतात. आलं कोवळं, धुऊन चकचकीत केलेलं असेल तर सालीवर काही उरलेलंच नसतं. मातकट, सुरकुतलेलं आलं घ्यावं आणि नुसतं पाण्याखाली धरावं. बुडबुडे न येता वास कुबट आला, तार धरली, तर ते टाकून द्यावं. वाचवायला जाऊ नये. वापरण्याआधी चोवीस तास विरजणाला साखर देऊ नये, म्हणजे त्यातली शिल्लक साखर हिशेबात गडबड करत नाही.

आता पेय. एक लिटर पाण्यात 40 ग्रॅम आलं: निम्मं ठेचून दहा मिनिटं उकळायचं, निम्मं किसून गॅस बंद केल्यावर घालायचं. उकळल्याने आल्याचा तिखटपणा मवाळ होतो, कच्च्यात तो शाबूत राहतो, दोन्ही हवेत. गाळून, हाताला कोमट लागेपर्यंत गार करून त्यात 6 ग्रॅम गूळ (सपाट भरलेला एक छोटा चमचा), दोन लिंबांचा रस आणि 30 मिलिलिटर गाळलेलं विरजण. गूळ फक्त सहा ग्रॅम, हे पुन्हा सांगतो, कारण इथेच हात सैल सुटतो. प्लास्टिक बाटलीत वर चार बोटं जागा सोडून भरावं. 30 अंशांच्या आसपास एका दिवसात बाटली घट्ट होते, एप्रिलच्या उकाड्यात बारा ते पंधरा तासांत. मग फ्रीज. तिथे आंबणं थांबत नाही, मंदावतं. पण साखरच मोजकी असल्याने बाटली विसरली तरी फार तर हलका फेस येऊन थांबेल. पिताना पेल्यात गुळाचा गार पाक घालावा. फेस जास्त हवा असेल तर वरून सोडा ओतावा. लिंबू वगळू नये. ते चवीपुरतं नाही. पेय सुरुवातीपासून आंबट असेल तर नको ते जंतू त्यात वाढत नाहीत.

या पद्धतीचा दुसरा फायदा कायद्याच्या बाजूचा आहे आणि पुरवणीतल्या एकाही कृतीत त्याचा उल्लेख नाही. जिथे यीस्ट वायू तयार करतं तिथे ते मद्यार्कही तयार करतंच. लिटरमागे 17 ग्रॅम साखर आंबली की साधारण 1 टक्का. अन्नसुरक्षा नियमांनुसार अर्ध्या टक्क्याच्या वरचं पेय मद्यात जमा होतं, आणि आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. म्हणजे लिटरला 8 ग्रॅम साखर आंबली की आपण मर्यादेच्या काठावर उभे. आपण छापलेली 100 ग्रॅमची कृती चार दिवस उकाड्यात राहिली तर ती सहज दोन-तीन टक्क्यांवर जाते. ती 'लहान मुलांनाही आवडेल' असं खाली लिहिलेलं आहे! मुलांसाठी सरळ आल्या-गुळाचा पाक करावा आणि वर साधा सोडा ओतावा. चवीत फारसा फरक नाही.

गुळाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण कोल्हापूरचा गूळ हा भौगोलिक मानांकन मिळालेला माल आहे आणि तरीही आंबवण्यासाठी सगळाच कोल्हापुरी गूळ चालत नाही. बाजारात पिवळाधमक गूळ भाव खातो. तो रंग यावा म्हणून पुष्कळ ठिकाणी रस आटवण्याच्या काहिलीत हायड्रॉस पावडर टाकतात. तिच्यातून निघणारा गंधकाचा अंश, सल्फाइट, यीस्टला दाबून ठेवतो. फळांचा रस टिकवायला हेच रसायन वापरतात, तेव्हा ते आपलं काम चोख करतं यात नवल नाही. गुळाचं पाणी टाकूनही बाटली तीन दिवस हलत नाही, मग लोक विरजण वाढवतात, साखर वाढवतात आणि सल्फाइट विरून गेल्यावर सगळं एकदम उसळतं. ओळखायचं कसं? गूळ थोड्या गरम पाण्यात विरघळवून लगेच नाकाशी धरावा. नुकत्याच पेटवलेल्या काडेपेटीसारखा झणका आला तर तो पोळीला वापरा, बाटलीत नको. उसाच्या रसाची मळी भेंडीच्या चिकाने काढलेला, गडद तपकिरी, थोडा मऊ गूळ आंबवणीला उत्तम. त्यात खनिजं जास्त असतात आणि यीस्टला ती मानवतात. मात्र त्याच खनिजांमुळे पेयाची आंबटी साखरेच्या मानाने सावकाश वाढते. म्हणूनही लिंबू हवंच. रसात चुना जास्त पडलेला गूळ असेल तर लिंबू अर्ध्याने वाढवावं.

तेपाचेच्या कृतीत 'पिलॉन्सिलो मिळत नसल्यास ब्राऊन शुगर वापरा' असं छापलंय. शाहूपुरीच्या गूळबाजारातून ज्या शहराचा गूळ वर्षानुवर्षं देशभर गेला, त्या शहरातल्या वाचकाला हे सांगावं? पिलॉन्सिलो म्हणजे उसाचा रस आटवून शंकूच्या साच्यात घातलेला गूळच. कोलंबियात त्यालाच पानेला म्हणतात आणि तो गरम पाण्यात विरघळवून, लिंबू पिळून घरोघर पितात. पाहुण्याला गूळपाणी देणाऱ्यांना त्यात नवं वाटण्यासारखं काही नाही.

तेपाचे हे नवशिक्यासाठी सगळ्यात सोपं पेय. एका पिकलेल्या अननसाची सालं आणि मधला दांडा, दोन लिटर पाणी, 150 ग्रॅम गूळ, दालचिनीचा बोटभर तुकडा, दोन-तीन लवंगा. अननस आधी धुवावा, पण साबणाने नाही. सालं पाण्याखाली राहिली पाहिजेत. वर ताटली आणि तिच्यावर पाण्याने भरलेला पेला ठेवला की भागतं. तरंगणाऱ्या सालीवरच बुरशी धरते. एप्रिलमध्ये छत्तीस तासांत गाळायलाच हवं, तिसऱ्या दिवशी ते आंबट ढाण होतं. वरती पातळ, सुरकुतलेली पांढरी साय आली तर घाबरू नये. ती एका जातीच्या यीस्टची असते, काढून टाकावी. केसाळ ठिपके, मग ते हिरवे असोत, काळे किंवा गुलाबी, दिसले की सगळं ओतून द्यावं. वरचा ठिपका चमच्याने काढून खालचं पिणं हा शहाणपणा नाही, कारण बुरशीची मुळं आणि तिचं विष खालीही उतरलेलं असतं. तेपाचे बाटलीत भरून ठेवूच नये. गाळलं, गार केलं, त्याच दिवशी संपवलं.

कोंबुचाचा मामला वेगळा. त्यात यीस्ट आणि आम्ल करणारे जीवाणू एकत्र नांदतात. वर जी जाड चकती धरते ती या जीवाणूंनी विणलेली सेल्युलोजची असते. लोक चकतीच्या मागे लागतात. ती नसली तरी चालेल, पण आधीच्या खेपेचं आंबट पाणी नसेल तर चालत नाही. एक लिटरला 5-6 ग्रॅम साधी चहापत्ती, 60 ग्रॅम साखर आणि किमान 100 मिलिलिटर आधीचं कोंबुचा. हे आंबट पाणी कमी पडलं की पहिले दोन दिवस चहा उघडा पडतो आणि बुरशी शिरते. वेलदोडा, आलं, गवती चहा घातलेली पत्ती नको. त्यातलं तेल जीवाणूंना जाचतं. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं पेय आंबट. तो मोजायच्या कागदी पट्ट्या शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणाऱ्या दुकानात मिळतात. सुरुवातीला 4.5 च्या खाली आणि शेवटी 2.5 ते 3.5 च्या मध्ये असलं की झालं. भांडं काचेचं घ्यावं. तांब्या-पितळेचं तर नाहीच, आजीच्या काळातली चिनी मातीची बरणीही नको. लोणच्याला ती चालली म्हणून इथे चालेल असं नाही. जुन्या झिलईत शिसं असू शकतं आणि आठवडाभर आम्लात ते सुटतं. तोंडावर मलमल बांधली तर चिलटं आत जातात आणि अंडी घालतात. धोतराच्या जुन्या पंचाची दुहेरी घडी बरी.

कोंबुचाला 24 ते 29 अंश मानवतात. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत बरणी परातीत पाणी घालून त्यात ठेवावी आणि भोवती ओलं गोणपाट गुंडाळावं, चार-पाच अंशांचा फरक पडतो. जून-जुलैत हा उपाय फुकट जातो, कारण हवाच ओलीचिंब असते, पाणी उडत नाही. उलट ओल्या गोणपाटावरची बुरशी बरणीत शिरते. पावसाळ्यात बरणी कोरडी, भिंतीपासून लांब, जिथे वारा खेळतो अशा जागी ठेवावी. आणि एक इशारा या दिवसांपुरता: तयार कोंबुचात हापूसचा रस घालून बाटली बंद करण्याची टूम निघाली आहे. आंब्याच्या रसात लिटरमागे सव्वाशे-दीडशे ग्रॅम साखर असते. वरचा हिशेब लावून पाहा. आंबा पेल्यातच मिसळावा.

क्वासबद्दल थोडक्यात: राय नावाच्या धान्याच्या काळ्या, आंबवलेल्या पावाशिवाय ते होत नाही. इथल्या बेकरीतला मैद्याचा पाव भाजून केलेलं पाणी म्हणजे पावाचं पाणी, क्वास नव्हे. नाद सोडावा.

त्यापेक्षा तुर्कस्तानचं बोझा पाहा. बारीक भरड धान्य शिजवून, गाळून, आधीच्या बोझाचं विरजण लावून केलेलं दाट, आंबटगोड पेय. इस्तंबूलमध्ये ते हिवाळ्यात मिळतं, वर दालचिनीची पूड आणि सोबत भाजलेले फुटाणे. उन्हाळ्यात विकत नसत, कारण उकाड्यात ते तासातासाने आंबट होत जातं. हे वाचून कोल्हापूरकराला आंबील आठवली नाही तर नवल. मार्गशीर्षात रेणुकेच्या यात्रेला जिचा नैवेद्य होतो ती आंबील याच घराण्यातली. आपल्या पुरवणीत इतके देश फिरून झाले तरी तिचा नंबर लागला नाही, आणि तालमीतल्या कुंडीत घोटलेल्या थंडाईचाही नाही.

आंबिलीचं माप देऊन ठेवतो. 50 ग्रॅम नाचणीचं पीठ पाव लिटर पाण्यात गुठळी न राहता कालवून झाकून ठेवावं. डिसेंबरात रात्रभर आणि वर सकाळचे तीन-चार तास. एप्रिलमध्ये सहा तास पुरे, आठ झाले तर कडसर आंबट वास सुटतो. मग पाऊण लिटर उकळत्या पाण्यात धार धरून सोडावं आणि ढवळत आठ-दहा मिनिटं शिजवावं. पीठ कच्चं राहिलं की घशाला खवखव लागते आणि गार झाल्यावर पाणी वेगळं होतं. ताक लगेच ओतू नये. आंबील कोमट झाल्याखेरीज घातलं तर ते फाटतं. मीठ, ठेचलेला लसूण, जिरं शेवटी. शिजवल्यावर विरजणातले जीवाणू मरतात, त्यामुळे उरलेली आंबील 'आंबवलेलीच आहे' म्हणून बाहेर ठेवू नये. उकाड्यात ती साध्या पेजेसारखीच खराब होते.

तेव्हा विनंती अशी की यापुढे अशी कृती छापताना साखर वाटीत नको, ग्रॅममध्ये द्यावी. दिवसांऐवजी तापमान आणि खूण द्यावी, म्हणजे बुडबुडे कुठे दिसावेत, बाटली हाताला कशी लागावी, वास कसा यावा. आणि बाटली कोणती ते स्पष्ट लिहावं.

पुरवणीतली जुनी कृती पाहून ज्यांनी काचेच्या बाटल्या आधीच भरून ठेवल्या आहेत त्यांच्यासाठी: त्या आत्ता उघडू नयेत, हलवू नयेत. दुपारची वेळ टाळून, पहाटे गारव्यात, जाड टॉवेलमध्ये गुंडाळून, चष्मा लावून, बाटली अंगापासून लांब धरून फ्रीजमध्ये ठेवाव्यात. फ्रीजरमध्ये नको, पाणी गोठताना फुगतं. पूर्ण एक दिवस गार झाल्यावर, टॉवेल तसाच ठेवून, मोरीत बूच थोडं थोडं सैल करावं. फेस वर आला की पुन्हा आवळावं आणि दहा मिनिटांनी परत. मुलांना त्या वेळी स्वयंपाकघरात येऊ देऊ नये.

आपले,
अन्नप्रक्रिया विषय शिकवणारे दोन शिक्षक
राजारामपुरी, कोल्हापूर